डेपो बंद झाला. आता मोकळी जागा कोणाची?



कचरा डेपो बंद झाला, की शेजारच्या वस्तीला आनंद होतो. तो होणारच. ज्यांनी वर्षानुवर्षे धूर गिळला, एका हाताने माश्या हाकलत भाकर खाल्ली, पाहुण्याला पत्ता सांगताना 'डेपोच्या अलीकडे' असे खालच्या आवाजात सांगितले, त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला तर त्यात नवल ते काय? परंतु डेपोच्या फाटकाला कुलूप लागले म्हणजे गोष्ट संपली, असे समजू नका. तिचा दुसरा अंक तिथूनच सुरू होतो. काल ज्या जमिनीकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते, तिच्या कडेने मोजणीचे दगड दिसू लागतात. शेजारच्या मोकळ्या मैदानाला अचानक 'पडीक जागा' असे नाव पडते. आणि पडीक म्हटले, की ती कोणीतरी वापरात आणली पाहिजे, असे सगळ्यांनाच वाटू लागते. आजच्या सदरात मला या दुसऱ्या अंकाविषयी बोलायचे आहे.

हा विषय आजच घेण्याचे कारण आहे. केंद्र सरकारने १ ऑक्टोबर २०२१ रोजी स्वच्छ भारत अभियानाचा शहरी भागाचा दुसरा टप्पा सुरू केला. शहरोशहरी साचलेले जुन्या कचऱ्याचे डोंगर उपसायचे आणि त्याखालची सुमारे १५,००० एकर जमीन मोकळी करायची, असे त्यात ठरले. यंत्राने कचरा खणायचा, चाळायचा, माती वेगळी, प्लास्टिक-चिंध्या वेगळ्या, दगड-विटा वेगळ्या करायच्या, अशी ही पद्धत आहे. काम चांगलेच आहे, त्याला विरोध करण्याचे कारण नाही. पण पंधरा हजार एकर जमीन, आणि तीही बहुतेक शहरांना चिकटून! तिच्यावर कोणाची नजर जाणार नाही? पुण्यात कोथरूडचा जुना कचरा डेपो ज्या जागेवर होता, तिथे आज मेट्रोच्या गाड्यांचा डेपो उभा आहे. जमीन तीच, मोल मात्र बदलले.

आपल्या देवपुरातल्या, धुळ्यातल्या, जळगाव-अमळनेरच्या कित्येक घरांतला एखादा काका, मामा किंवा आतेभाऊ पोटासाठी मुंबईला गेला आणि गोवंडी, चेंबूर, घाटकोपर, धारावी या बाजूला स्थिरावला. तेव्हा मुंबईचे उदाहरण आपल्याला परके नाही. देवनारची कचराभूमी ही देशातल्या सर्वांत जुन्या कचराभूमींपैकी एक आहे. सुमारे शंभर वर्षे मुंबईने आपला कचरा तिथे नेऊन टाकला. तिच्या कडेला शिवाजीनगर, बैंगनवाडी, रफिकनगर, अण्णाभाऊ साठेनगर अशा वस्त्या वाढल्या. तिथे राहतात कोण? दलित, मुसलमान, कचरा वेचून पोट भरणारी माणसे, दुष्काळाने गाव सोडलेली माणसे. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हाच 'एम पूर्व' विभाग शहरात सर्वांत तळाला होता. जानेवारी २०१६ च्या अखेरीस त्या डोंगराला मोठी आग लागली. धूर इतका दाटला, की पालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

आता पुढचे ऐका. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने याच देवनार कचराभूमीतली सुमारे १२४ एकर जागा धारावी पुनर्विकासात बाहेर जाणाऱ्या कुटुंबांच्या घरांसाठी द्यायला मंजुरी दिली. पुढे २०२५ मध्ये मुंबई महापालिकेने तिथला सुमारे १८५ लाख टन कचरा उपसण्यासाठी २,३६८ कोटी रुपयांची निविदा काढली. म्हणजे जमीन कोणाला द्यायची हे आधी ठरले, आणि ती साफ करण्याचे काम मागाहून निघाले. धारावीत चामडे कमावणारी, मातीची भांडी घडवणारी, झाडू मारणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. शहराच्या मध्यावरची जागा मोलाची झाली, तेव्हा त्यांच्यातल्या काहींच्या नशिबी कचऱ्याचा डोंगर लिहिला जातो आहे. पूर्वी गावकुसाबाहेर कोण राहणार हे जात ठरवत असे. आज ते जमिनीचा भाव ठरवतो म्हणतात. पण दोघांचे बोट पुन्हापुन्हा त्याच माणसांकडे कसे वळते, याचा विचार आपण केला पाहिजे.

कोणी म्हणेल, "माती टाकून सपाट केले, वर झाडे लावली, मग घर बांधायला हरकत काय?" हरकत आहे, आणि ती समजून घेतली पाहिजे. ओला कचरा मातीखाली दाबला गेला, की त्याला हवा मिळत नाही. तो आतल्या आत कुजत राहतो आणि त्यातून मिथेन व कार्बन डायऑक्साइड हे वायू तयार होतात. गोबर गॅसच्या टाकीत जे घडते तेच इथे घडते. फरक इतकाच, की इथे नळी नाही आणि चावीही नाही. हा वायू कित्येक वर्षे निघत राहतो. नुसत्या मिथेनला वास नसतो, त्यामुळे तो आहे हे नाकाला कळत नाही. हवेत त्याचे प्रमाण पाच ते पंधरा टक्के झाले, की एक ठिणगी पुरते. वरून माती दाबून बसवली तर तो बाजूने वाट काढतो. मुरमातून, जुन्या गटारातून, केबलच्या चरातून तो शेजारच्या जमिनीत जातो. म्हणून बंद डेपोच्या शेजारची मोकळी जागा ही डेपोइतकीच सांभाळण्याची गोष्ट आहे.

इंग्लंडमध्ये डर्बीशायर परगण्यात लोस्को नावाचे गाव आहे. तिथे एका जुन्या खाणीच्या खड्ड्यात कचरा भरला होता आणि १९८२ मध्ये भरणे बंदही झाले होते. २४ मार्च १९८६ च्या पहाटे जवळचा एक बंगला स्फोटाने जमीनदोस्त झाला आणि आतली तीन माणसे जबर जखमी झाली. चौकशीत आढळले, की हवेचा दाब एकाएकी उतरला होता आणि त्यामुळे जमिनीतला वायू खडकाच्या भेगांतून सरकून घराखाली आला होता. घर कचऱ्यावर बांधलेले नव्हते, ते कचऱ्याच्या शेजारी होते. तिथून पुढे त्या देशात जुन्या कचराभूमींच्या वायूकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले.

दुसरी गोष्ट पाण्याची. कचऱ्यातून झिरपणारे काळे पाणी जमिनीत उतरते. आपल्या धुळे जिल्ह्याची जमीन काळ्या फत्तराची आहे, त्यात भेगा आहेत, आणि खडकाच्या उभ्या भिंती जमिनीखाली लांबवर गेलेल्या आहेत. पाणी कोणत्या भेगेतून कोणाच्या बोअरला लागेल, हे वरून दिसत नाही. आणि तिसरी गोष्ट म्हणजे अशी जमीन वर्षानुवर्षे खचत राहते. नोकरदाराचे घर पाच-पंचवीस वर्षे टिकून राहते, पण भराव खचला की भिंतीला तडा जाण्यास एक पावसाळा पुरतो.

मुंबईत मालाडच्या पश्चिमेला चिंचोली बंदरची कचराभूमी होती. ती बंद झाल्यावर त्या परिसरात कचेऱ्यांचे मोठे संकुल उभे राहिले. २००० नंतरच्या काळात तिथल्या कर्मचाऱ्यांच्या डोकेदुखीच्या, मळमळीच्या आणि संगणक वरचेवर बिघडण्याच्या तक्रारी वर्तमानपत्रांत आल्या, आणि बोट जमिनीतून निघणाऱ्या वायूंकडे दाखवले गेले. ती वातानुकूलित कचेरी होती. सायंकाळी माणसे घरी जात होती. ज्यांना रात्रंदिवस तिथेच राहायचे, जिथे रांगते मूल फरशीवर खेळते, त्यांचे काय होईल? उलट बोरिवलीजवळच्या गोराईचे पाहा. १९७२ पासून तिथे कचरा पडत होता. तो बंद झाल्यावर सुमारे २३ लाख टन कचऱ्याचा डोंगर उतार देऊन नीट रचला, त्यावर आवरण घातले, वायू ओढून घेणाऱ्या नळ्या बसवल्या आणि २००९ पर्यंत १९ हेक्टरवर जागा हिरवी केली. बंद करणे याला म्हणतात. नुसते फाटक लावून वर मुरूम पसरणे म्हणजे झाकणे होय.

आणि हे केवळ माझे म्हणणे नाही. अल्मित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये शहरांच्या कचऱ्यासंबंधी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्या लढ्यातून २००० साली देशभरासाठी घनकचऱ्याचे नियम आले. त्या नियमांनी सांगितले, की बंद कचराभूमीवर पंधरा वर्षे देखरेख ठेवावी आणि त्यानंतरही वायू व झिरपणारे पाणी तपासून ते ठरलेल्या मर्यादेत असेल, तरच वस्तीचा विचार करावा. २०१६ च्या नियमांत जमीन स्थिर असल्याची खात्री हवी, असेही आले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी बंद कचराभूमीवर घरे, शाळा, दवाखाने नकोत, आणि तिच्या हद्दीपासून १०० मीटरचा पट्टा बांधकामाविना ठेवावा, असे म्हटले. हे १०० मीटर नीट लक्षात ठेवा. ज्याला लोक 'रिकामी पडलेली जागा' म्हणतात, ती रिकामी पडलेली नसते. ती तुमच्या लेकरांच्या आणि त्या कचऱ्याच्या मध्ये मुद्दाम ठेवलेली असते.

आता सर्वांत अवघड प्रश्न. तो आपलीच माणसे विचारतात, आणि त्यांना तो विचारण्याचा अधिकार आहे. "साहेब, आम्हाला डोक्यावर छप्पर नाही, एका खोलीत आठ माणसे निजतो. तुम्हाला मैदानाचे काय पडले आहे? तिथे आम्हाला घरकुले मिळू द्या." या प्रश्नाला टाळी वाजवून किंवा हसून उत्तर देता येणार नाही. घर हवेच. ते मागण्यात कोणी कमी पडू नये. पण मागायचे ते निरोगी जमिनीवर मागावे. शहरात सरकारी जमिनी इतर ठिकाणीही असतात; मग गरिबाच्या घराची गोष्ट निघाली, की बोट नेमके डेपोच्याच जागेवर का पडते? जी जमीन साहेबांच्या बंगल्याला चालत नाही, ती आपल्या घरकुलाला कशी चालते? घराचा हक्क मागताना आपण आपल्या फुप्फुसांचा सौदा करतो आहोत काय, हे एकदा घरातल्या बायाबापड्यांसह बसून विचारात घ्या.

त्याहून वाईट प्रकार स्वस्त प्लॉटचा. डेपो बंद झाल्याची बातमी पसरते, दलाल येतात, शेजारच्या शेतात चुन्याच्या रेघा पडतात आणि नुसत्या स्टॅम्पवर गुंठा-गुंठा विकला जातो. घेणारा कोण? हमाल, वीटभट्टीवरचा मजूर, सफाई कामगार, नुकताच निवृत्त झालेला शिपाई. प्रॉव्हिडंट फंडाची रक्कम आणि बायकोच्या अंगावरचे सोने त्या गुंठ्यात जाते. मागून कळते, की जागा बिनशेती नाही, नकाशा मंजूर नाही, आणि बोअरच्या पाण्याला वास येतो. पैसे घेणारा तोवर दुसऱ्या गावी रेघा मारत असतो. म्हणून घरातल्या कर्त्या माणसाला आणि विशेषतः माता-भगिनींना माझे सांगणे आहे, की मंजूर रेखांकन आणि बिनशेतीचा आदेश स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक रुपयाही इसार देऊ नका.

मोकळ्या जागेचा गरिबाला उपयोग काय, असेही विचारतात. ज्याच्या बंगल्याला अंगण आहे त्याला मैदान नसले तरी चालते. आपल्या घराला अंगण नाही; मैदान हेच आपले अंगण आहे. पहाटे पाच वाजता पोलीस भरतीसाठी धावणारी आपली मुले-मुली कुठे धावतात? १४ एप्रिलची सभा कुठे भरते? मुलीच्या लग्नाचा मंडप हॉलचे भाडे परवडत नाही म्हणून कुठे पडतो? पांझरेला पूर आला म्हणजे देवपुराकडच्या काठावरची माणसे सामान घेऊन कोठे येतात? मोकळी जागा गेली, की या सगळ्याला भाडे पडते, आणि भाडे न परवडणारा माणूस घरात बसतो. मात्र डेपोला लागून असलेल्या पट्ट्यावर झाडे वाढू द्यावीत; मुलांचे खेळणे आणि सभा-समारंभ हे त्या पट्ट्याच्या पलीकडे, तपासलेल्या जमिनीवर हवेत. दोन्ही जागा राखायच्या, पण दोन्हींचे काम वेगळे आहे.

अशी जागा एका रात्रीत जात नाही. आधी कोपऱ्यात बांधकामाचा राडारोडा पडतो. मग एक टपरी येते, मग पत्र्याचे शेड. कोणा मंडळाचा फलक लागतो. मग तारेचे कुंपण, आणि शेवटी कागद. यात आपणही मागे नसतो, हे स्पष्ट बोलले पाहिजे. "इथे समाजमंदिर होऊ द्या, विहार होऊ द्या" असा आग्रह आपल्याच वस्तीतून होतो. विहार पाहिजेच, पण राखीव मैदानावर एकाचा विहार झाला, की दुसऱ्याचे मंदिर होते, तिसऱ्याचे कार्यालय होते, आणि उरलेल्या पट्टीवर पुढाऱ्याचे दुकान निघते. मग त्याला अडवायला आपल्याला तोंड राहत नाही. बंगळूरमध्ये उद्यानासाठी ठेवलेली जागा एका ट्रस्टला खाजगी इस्पितळासाठी दिली गेली होती. रहिवासी कोर्टात गेले आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. इस्पितळ ही काही वाईट गोष्ट नव्हे, तरीही उद्यानाची जागा उद्यानालाच राहिली. भगवंतांच्या संघातही भिक्खुणींना नियम होता, की भिंतीपलीकडे केरकचरा फेकू नये आणि हिरव्या पिकावरही टाकू नये. दुसऱ्याच्या अंगणात घाण टाकू नये ही शिकवण अडीच हजार वर्षे जुनी आहे. आपण ती जमिनीच्या बाबतीतही पाळू या.

आता करायचे काय? घोषणा द्यायला दहा मिनिटे लागतात आणि कागद मिळवायला दहा खेटे पडतात. मी कारकुनी करून पोट भरणारा माणूस आहे, म्हणून कागदाविषयी चार गोष्टी सांगतो.

पहिली : जागेचा सातबारा उतारा किंवा मिळकत पत्रिका काढा. मालक कोण, शासन, महापालिका की खाजगी, हे त्यावर कळते. दुसरी : नगररचना कार्यालयात शहराची मंजूर विकास योजना पाहा आणि त्या जागेवर कशाचे आरक्षण आहे ते लिहून घ्या : बगीचा, खेळाचे मैदान, की डेपो. कॉलनीच्या रेखांकनातली खुली जागाही तपासा. २०२० च्या एकात्मिक नियमावलीप्रमाणे ०.४ हेक्टर वा अधिक जमिनीच्या रेखांकनात किमान दहा टक्के जागा खुली ठेवावी लागते.

तिसरी : आरक्षण आहे म्हणून निर्धास्त राहू नका. नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली आरक्षण बदलता येते. त्यासाठी जाहीर सूचना निघते आणि हरकती द्यायला एक महिना मिळतो. ही सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात असते. ती वाचणारा एक तरुण प्रत्येक वस्तीत नेमा. जागा खाजगी असेल तर कलम १२७ ध्यानात ठेवा. योजना लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा संपादन झाली नाही, मालकाने नोटीस दिली आणि पुढच्या २४ महिन्यांतही संपादनाची पावले पडली नाहीत, तर आरक्षण आपोआप गळून पडते. कोणी काही केले नाही म्हणूनच मैदान गेले, असे यात होते.

चौथी : माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालील माणसाला तोही लागत नाही. डेपो बंद केल्याचा आदेश, कचरा उपसल्याचा अहवाल, वायू व विहिरींच्या पाण्याची तपासणी आणि जागेच्या पुढच्या वापराचा ठराव, एवढ्या चार गोष्टींच्या प्रती मागा. उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे. आणि कोणताही अर्ज दिला, की आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. शिक्का नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज.

कोणी म्हणेल, आपण झगडणारी माणसे, कागदांच्या मागे काय लागायचे? त्यांनी महाडची आठवण ठेवावी. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्यावर चालत गेले, हे आपल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. परंतु त्याच वर्षी डिसेंबरात सनातन्यांनी दावा लावला, की तळे खाजगी आहे. तो दावा दहा वर्षे चालला. तळे नगरपालिकेचे आहे, सार्वजनिक आहे, हे कागदोपत्री शाबीत करावे लागले, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने आपल्या बाजूने निकाल दिला. जे सर्वांचे आहे ते सर्वांचेच राहावे, ही लढाई तळ्याच्या काठावर एक दिवस आणि कोर्टाच्या दप्तरात दहा वर्षे लढली गेली. आपल्या वस्तीशेजारचे मैदान हेही त्याच जातीची मालमत्ता आहे.

तेव्हा येत्या रविवारी वंदनेनंतर पाच माणसे थांबा. त्यांत दोन भगिनी असू द्या, कारण धूर, पाणी आणि मुलांचे खोकले यांचा हिशेब त्यांनाच पाठ असतो. जागेचा गट नंबर लिहून काढा आणि सोमवारी उताऱ्यासाठी अर्ज द्या. कागद हातात आला म्हणजे पुढे कोणाकडे जायचे, ते त्या कागदावरच लिहिलेले असते.

जय भीम!